चेक हातात घेऊ नका!

अमेरिकेत करकायद्याची वकिली करणाऱ्या आम्हा मंडळींना सर्वांत जास्त धडकी भरवणारं वाक्य कोणतं, तर ‘काल क्लोजिंग झालं, चेक बँकेत टाकला, आता ते टेन थर्टी-वन तेवढं करून टाकू या.’ माणूस खुशीत असतो. घर चांगल्या भावाला गेलेलं असतं. आणि त्याला सांगावं लागतं, की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, कर भरा.

कलम १०३१ची गंमत अशी, की गुंतवणुकीची किंवा धंद्याची स्थावर मालमत्ता देऊन तशीच दुसरी घेतली, तर नफ्यावरचा कर आत्ता भरावा लागत नाही. माफ होत नाही, फक्त पुढे जातो. जुन्या मालमत्तेचा बेसिस, म्हणजे हिशेबातली खरेदी किंमत, नव्या मालमत्तेला चिकटतो. भाड्याने दिलेलं घर वीस वर्षांनी विकलं, की भांडवली नफ्यावर १५ किंवा २० टक्के, इतकी वर्षं घेतलेल्या घसाऱ्यावर २५ टक्क्यांपर्यंत, बऱ्याच जणांना वर आणखी ३.८ टक्के, शिवाय बहुतेक राज्यांचा कर वेगळाच. हे सगळं पुढे ढकलता येतं म्हटल्यावर मोह होणारच. पण पहिलीच अट पाळायला अवघड: विक्रीचे पैसे मधल्या काळात तुमच्या ताब्यात येता कामा नयेत, एक दिवसही नाही. ते सांभाळतो ‘क्यूआय’ नावाचा मध्यस्थ, आणि त्याच्याशी करार क्लोजिंगच्या, म्हणजे विक्री पुरी होण्याच्या, आधी झालेला असावा लागतो.

‘मग पैसे तुम्हीच ठेवा ना, तुमच्यावर आमचा विश्वास आहे,’ असं अशील हमखास म्हणतं. नेमकं तेच चालत नाही. गेल्या दोन वर्षांत जो तुमचा वकील, हिशेबनीस किंवा घरांचा दलाल होता, तो क्यूआय होऊ शकत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो तुमचाच माणूस. विश्वास आहे म्हणूनच नाही, असा हा उलटा न्याय.

ही सगळी व्यवस्था ज्याच्यामुळे उभी राहिली, तो गृहस्थ वकील नव्हता, ओरेगनमधला वनशास्त्राचा प्राध्यापक होता. टी. जे. स्टार्कर. १९६७ साली त्याने, मुलाने आणि सुनेने आपलं १,८४३ एकर जंगल क्राउन झेलरबाख या कागद कंपनीला दिलं. बदल्यात तेव्हा रोख काही घेतलं नाही. कंपनीने वहीत त्यांच्या नावे रक्कम जमा दाखवली आणि पाच वर्षांत ते बोट दाखवतील ती मालमत्ता विकत घेऊन द्यायचं कबूल केलं. शिल्लक रकमेत दर वर्षी सहा टक्के भर. आयआरएसचं, म्हणजे अमेरिकी करखात्याचं, म्हणणं, हा अदलाबदलीचा व्यवहार नव्हे, ही उधारीवरची विक्री.

आमच्या वर्तुळात यातला पुढचा भाग अजून चवीने सांगतात. मुलगा-सुनेचा खटला आधी उभा राहिला. न्यायाधीश सॉलोमन यांनी १९७५ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केलं आणि मग स्वतःच मागे घेतलं. त्यानंतर सासऱ्याचा खटला त्याच न्यायाधीशांपुढे आला, आणि त्यांनी सांगितलं की आधीचा निकाल माझा चुकलाच होता. एकाच जंगलाचा व्यवहार, एकच न्यायाधीश, आणि बाप हरला, पोरगा जिंकलेला! १९७९ साली अपील न्यायालयाने म्हाताऱ्याला बऱ्याच अंशी न्याय दिला. पण ती सहा टक्क्यांची भर व्याज ठरवून करपात्र केली, आणि ज्या दोन मालमत्ता त्याने परस्पर मुलीच्या नावावर करून घेतल्या होत्या त्या वगळल्या. प्रेमापोटी मुलीचं नाव घातलं आणि तेवढ्यापुरती सवलत गेली. आजही क्लोजिंगच्या आदल्या दिवशी कुणी ‘नवीन घर लेकीच्या नावावर घेतो’ म्हणालं, की स्टार्करचा किस्सा ऐकवावा लागतो.

पाच वर्षांची मोकळीक पाहून संसदेचे डोळे पांढरे झाले. १९८४ साली मुदती आल्या. विक्रीपासून ४५ दिवसांत नवी मालमत्ता कोणती ते लेखी कळवायचं, १८० दिवसांत ताब्यात घ्यायची. सुट्या वगळत नाहीत. २० नोव्हेंबरला विक्री झाली, तर पंचेचाळिसावा दिवस ४ जानेवारी. मध्ये थँक्सगिव्हिंग, नाताळ, नवं वर्ष. दलाल फ्लोरिडात आणि विकणारा फोन उचलत नाही. याहून छुपा खड्डा दुसरा आहे. ती १८० दिवसांची मुदत विवरणपत्राच्या तारखेला संपते, जर ती तारीख आधी येत असेल. म्हणजे नोव्हेंबरात विकणाऱ्याला वाटतं मे महिन्यापर्यंत वेळ आहे, आणि एप्रिलच्या १५ तारखेलाच दार बंद होतं. मुदतवाढीचा एक साधा फॉर्म भरला की सुटका. आमची निम्मी फी त्या फॉर्मची आठवण करून देण्याचीच असते, असं मी खासगीत म्हणतो.

क्यूआयकडे लाखो डॉलर सहा-सहा महिने पडून राहतात, आणि या मध्यस्थांवर केंद्राचं थेट नियंत्रण नाही. एडवर्ड ओकन नावाच्या माणसाने अशा मध्यस्थ कंपन्याच विकत घ्यायला सुरुवात केली. लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या पैशांतून आलिशान बोट आणि बाकीची चैन. २००७ साली त्याची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००९ साली त्याला शंभर वर्षांची शिक्षा झाली. ज्यांचे पैसे अडकले त्यांचे ४५ आणि १८० दिवस मात्र सुरूच होते. तेव्हापासून मी अशिलाला क्यूआयच्या फीबद्दल नंतर विचारू देतो. आधी पैसे कुठल्या खात्यात राहणार आणि ते हलवायला कुणाकुणाची सही लागणार, ते विचारायला लावतो.

गुंतवणुकीचा हेतू सिद्ध करणं हा आणखी एक न संपणारा विषय. २०१० सालच्या एका खटल्यात जोडप्याने सॅन डिएगोचं भाड्याचं घर देऊन जॉर्जियात घर घेतलं, तेही भाड्याने द्यायला म्हणून. दोन महिन्यांत स्वतःच राहायला गेले. तोवर बायकोच्या आई-वडिलांकडे मुक्काम होता. खरेदीपूर्वीच त्यांनी क्यूआयला विचारून ठेवलं होतं, ‘भाडेकरू मिळाला नाही तर आम्ही राहिलो तर चालेल का?’ तो प्रश्न न्यायालयापुढे आला आणि तिथेच सगळं संपलं. उलट २०१३ सालच्या खटल्यात एका गृहस्थाने मुलालाच भाड्याने घर दिलं होतं, बाजारभावापेक्षा कमी भाड्यात. पण पोराने पडझड झालेलं घर राबून दुरुस्त केलं होतं, आणि ती मेहनत भाड्यात धरली गेली. तो जिंकला.

(एक आडवळण. २०१७ च्या कायद्याने ही सवलत फक्त स्थावर मालमत्तेपुरती ठेवली. त्याआधी जनावरांच्या अदलाबदलीलाही ती होती, आणि बैल देऊन कालवड घेणं ‘सारख्या प्रकारचं’ नाही, हे १९६९ साली संसदेला कायद्यात लिहावं लागलं होतं.)

आता आपल्या मंडळींचा हमखास फोन. न्यू जर्सीतले एक काका, कोथरूडला भाड्याने दिलेला फ्लॅट. विचारलं, ‘तो विकून इथे टाउनहाऊस घेतो, टेन थर्टी-वन बसेल ना?’ नाही बसत. अमेरिकेतली मालमत्ता आणि अमेरिकेबाहेरची मालमत्ता एका जातीची धरतच नाहीत. ‘मग बाणेरला दुसरा फ्लॅट घेतो, भारतात घर विकून घर घेतलं की सवलत आहेच.’ आहे, आणि काका, तिथेच घात आहे. त्या सवलतीमुळे भारतात कर शून्य होईल. पण अमेरिका रहिवाशाच्या जगभरच्या नफ्यावर कर लावते, आणि परदेशात भरलेल्या कराचीच वजावट देते. तिथे काही भरलंच नाही, तर वजावट कशाची? इथला कर पूर्ण बसणार. परदेशातली मालमत्ता देऊन परदेशातलीच घेतली तर १०३१ कागदोपत्री बसतं, पण पुण्यात हवेलीच्या दुय्यम निबंधकापुढे क्यूआयचा करार समजावून सांगायला मी काही विमानाचं तिकीट काढणार नाही.

काका गप्प झाले. मग म्हणाले, ‘न विकता ठेवला तर?’

‘तुमच्या पश्चात इथे मुलांचा बेसिस त्या दिवशीच्या बाजारभावाला येतो. तोवरचा नफा पुसला जातो. पण भारतात त्यांच्या माथी तुमची जुनीच खरेदी किंमत राहते.’

‘म्हणजे पोरांना दोन वकील लागणार,’ काका म्हणाले. ‘तुमचा सल्ला धंद्याला बरा आहे हो.’