शेवळं, पोपटी आणि मोबाईल : आपल्या मालाची जाहिरात आपल्याच बोलीत कशी करावी?

ठाकुरवाडी (प्रतिनिधी) : पावसाचे पहिले शिंतोडे पडले की वाड्यांवरच्या बायका पहाटे रानात जाऊन शेवळं आणतात आणि बाजारात वाटे मांडून बसतात. शहरातलं गिऱ्हाईक थांबतं, "हे काय आहे?" विचारतं आणि निघून जातं. भाव परवडत नाही असं नसतं, भाजी करायची कशी हेच माहीत नसतं. शेवळं खाजरी. त्यात काकडं घातली नाहीत तर घसा खवखवतो. एवढी एक गोष्ट मिनिटभराच्या व्हिडिओत नीट सांगितली तर तोच वाटा विकला जातो. व्हायरल मार्केटिंग म्हणतात त्याचं मूळ इथंच आहे.

मोबाईलच्या आधीही होतंच की

पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला जादा इंजिन लागायचं, म्हणून त्या कर्जतला थांबायच्या. तेवढ्या वेळात गरम वडा हातात पडायचा. दिवाडकरांच्या वड्याचं नाव प्रवाशांनीच गावोगाव नेलं. अलिबागचा पांढरा कांदा बघा. विकणारे त्याच्या माळा करून रस्त्याकडेला टांगतात. गाडीतल्या माणसाला पाटी वाचायची गरजच पडत नाही. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण लोकांना त्याची ओळख माळेनं आधीच करून दिली होती.

आता माळेच्या जागी मोबाईल आलाय. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीनं यूट्यूबवर 'आपली आजी' चॅनेल चालवलं आणि लाखो लोक जोडले गेले. स्वयंपाक घरचा, बोली नगरची. आजी पुस्तकी मराठी बोलायला गेल्या असत्या तर त्या व्हिडिओत वेगळं काय उरलं असतं?

माणूस पुढे का पाठवतो?

"आमच्याकडे ताजा माल मिळेल" हा मेसेज कोणी पुढे ढकलत नाही. त्यात पाठवणाऱ्याचा काही फायदा नाही. माणूस तीन गोष्टी पाठवतो : दुसऱ्याच्या उपयोगाची, आपल्या गावाचा अभिमान वाटेल अशी, आणि हसवणारी.

पोपटीत तिन्ही आहेत. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. झाली की नाही हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन लगेच उडालं की झाली. व्हिडिओत हा चर्र आवाज यायलाच हवा. त्यावर हिंदी गाणं टाकलं की पोपटीची मजा गेली.

करायचं काय?

१. एका व्हिडिओत एकच गोष्ट. कुर्डू, टाकळा, भारंगी एकदम दाखवली की एकही लक्षात राहत नाही.

२. पहिल्या तीन-चार सेकंदांत माल दिसला पाहिजे. नमस्कार-चमत्कार नंतर.

३. घरात बोलतो तसं बोला. पण शहरातल्याला न कळणारा शब्द वस्तू हातात धरून दाखवा.

४. गाव, विकायची जागा, दिवस आणि भाव सांगा. तारीख सांगा, कारण जुना व्हिडिओ वर्षभरानंतरही फिरतो आणि हंगाम संपल्यावर लोक फोन करत राहतात.

५. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज एका वेळी पाचच चॅटला पुढे जातो. म्हणून पन्नास ग्रुपमध्ये ओतण्यापेक्षा नेहमीच्या पाच गिऱ्हाइकांना पाठवा. ती आपल्या माणसांना पाठवतील. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात मालाचे फोटो आणि भाव लावून ठेवता येतात.

व्हायरल झाल्यावर खरी कसोटी

दहा मडक्यांची तयारी आणि शंभर माणसं दारात, असं झालं तर नाव व्हायच्या आधी बदनामी होते. म्हणून आगाऊ नोंदणी घ्या, जमेल तेवढंच कबूल करा. खाण्याचा धंदा नेहमीचा करायचा असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या.

पैशाचंही सांभाळा. "मोठी ऑर्डर आहे, पैसे पाठवतो, पिन टाका" असा फोन आला तर ठेवून द्या. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन पैसे द्यायलाच लागतो.

धबधब्यांच्या रीलनं काय केलं ते कर्जत-खालापूरकरांना सांगायला नको. गर्दी आली, कचरा आला, माणसं बुडाली आणि दर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघू लागले. वाड्यांना काय मिळालं? म्हणून रानभाजी कुठे उगवते ती जागा व्हिडिओत सांगू नका. कंद उपटून नेले तर पुढच्या वर्षी काय विकणार? पारख नसलेल्यानं रानातलं काही खुडून खाल्लं तर जिवावरही बेतू शकतं.

आणि शेवटचं. ठाकर-कातकरी बायकांचे, त्यांच्या नाच-गाण्याचे व्हिडिओ काढून फार्महाऊसची जाहिरात करणारे आता वाढलेत. आधी विचारा, आणि धंदा त्यांच्या नावावर होत असेल तर त्यांचा वाटा त्यांच्या हातात द्या. वाडीवरच्या दहावी-बारावीच्या पोरांच्या हातात मोबाईल आहेच. आईच्या टोपलीचा व्हिडिओ तिच्याच पोरीनं काढला तर मधला माणूस लागत नाही, आणि भाव ठरवायचा हक्कही घरातच राहतो.