लॅपटॉपच्या पोटातला संगणक

कंधारचा किल्ला पाहिलाय ना? भोवती खंदक, आत जायचं तर दरवाजातूनच! लॅपटॉपवर 'व्हर्च्युअलबॉक्स'मध्ये आभासी संगणक बनवला, की तोही असाच किल्ल्यात बसतो. 'नॅट' हा त्याचा दरवाजा. आतल्याला बाहेर जाता येतं, आगंतुकाला शिरता येत नाही.

आतलं इंटरनेट बंद पडलं? घाबरू नका. आधी लॅपटॉपचं इंटरनेट चालू आहे का, बघा. मग सेटिंगमध्ये आभासी केबल जोडलीय का, ते पाहा. आतल्या संगणकाचा पत्ता बहुधा १०.०.२.१५ असतो. आता 'पिंग'ने १०.०.२.२ला, म्हणजे दरवाजाला हाक मारा. 'ओ' आली? मग बाहेरच्या ८.८.८.८ला. तोही बोलला, पण संकेतस्थळ उघडेना? तर नावांवरून पत्ते शोधणारं 'डीएनएस' तपासा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर दुरुस्त कशानं झालं, तेच कळायचं नाही!