बाटली पाम आणि बेटावरच्या शेळ्या



बागेच्या फाटकापाशी बाटलीसारखा फुगीर बुंधा असलेले ठेंगणे झाड आपण पाहिले असेल. त्याला ‘बॉटल पाम’ म्हणतात. नर्सरीत त्याची रोपे विकत मिळतात. परंतु जेथे ते मूळचे, तेथे ते नाहीसे होण्याच्या बेतात आले होते. असे का झाले, हे शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

मॉरिशस हे नाव आपल्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून अनेक मराठी कुटुंबे तेथे उसाच्या मळ्यांवर गेली. मॉरिशसच्या उत्तरेस सुमारे २२ किलोमीटरवर राउंड आयलंड नावाचे छोटे, वस्ती नसलेले बेट आहे. रानात हा पाम फक्त येथेच उगवतो.

त्याच शतकात या बेटावर माणसांनी आणून सोडलेले ससे व शेळ्या मोकाट चरत होत्या. त्यांना राखणारा कोणी नव्हता आणि खाणारे जनावरही नव्हते. मोठ्या झाडांच्या शेंड्यापर्यंत त्यांचे तोंड पोचत नसे, म्हणून ती झाडे उभीच राहिली. पाहणाऱ्याला वाटे, सर्व ठीक आहे. पण बी रुजून वर आले की कोवळे रोप फस्त होई. आपल्या माडाप्रमाणे या झाडालाही कोंब एकच. तो गेला की झाड संपले. झाडोरा गेल्यामुळे उघडी पडलेली माती पावसाबरोबर समुद्रात वाहून गेली. मग बियांना रुजायला जागाही उरेना. जुनी झाडे एकेक करून पडत गेली आणि शेवटी मोजकीच म्हातारी झाडे राहिली.

१९५७ साली बेट राखीव झाले. पण कागदावरच्या हुकुमाने शेळीचे तोंड बंद होत नाही. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे बेटावरून पूर्णपणे काढण्यात आले. त्यानंतर कोवळी रोपे पुन्हा वर येऊ लागली. नवीन लागवडही सुरू झाली. वाहून गेलेली माती मात्र परत आणता आली नाही.

यात दोष शेळीचा नाही. गरिबाच्या घरी तीच दुभते पुरवते. दोष राखणीशिवाय सोडण्याचा आहे. म्हणून बागेत रोप लावाल तर त्याला आधी काट्यांचे कुंपण करा. आणि एखाद्या संध्याकाळी बांधावरून फिरताना मोठी झाडे किती, हे मोजू नका. गुडघ्याएवढी किती आहेत, ती मोजा. पुढच्या पिढीची सावली तीच आहेत.