भोपाळचा वसंत पळसाचा

ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी सुमारे १२ ते १६ आठवडे सलग गारवा लागतो. भोपाळच्या हिवाळ्यात दुपारी ऊन तापते, त्यामुळे इथे ट्यूलिपची शेते नाहीत. ती पाहायची तर मार्चअखेर-एप्रिलमध्ये श्रीनगरला जावे. दल सरोवराजवळ, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ साली खुली झालेली बाग आहे.

भोपाळचा वसंत मात्र पळसाचा, आणि तो मुद्दाम पाहायला यावे असाच! फेब्रुवारी-मार्चमध्ये शहराभोवतीच्या जंगलात आणि भीमबेटकाच्या (२००३ पासून जागतिक वारसास्थळ) वाटेवर पळस पेटतो. ‘पळसाला पाने तीन’ म्हणतात, पण बहरात फांद्यांवर तीही नसतात. म्हणूनच फुले इतकी उठून दिसतात.

छायाचित्रासाठी सकाळचे कोवळे ऊन उत्तम. सूर्य फुलांच्या मागे ठेवला की पाकळ्या आतून उजळतात आणि देठाजवळचा काळपट, मखमली निदलपुंज खुलतो. भडक केशरी रंगात कॅमेरा तपशील हरवतो. एक्सपोजर थोडे कमी ठेवा. मधासाठी सूर्यपक्षी, साळुंक्या येतात, तेव्हा झाडापासून अंतर राखून थांबा. फोटोसाठी फांदी वाकवू नका.