तळावरची खबरबात आणि हंगामातले सण



वार्तापत्राच्या दर अंकात आपण गाळप किती झाले, उतारा किती पडला, कोणत्या गटात किती ऊस शिल्लक आहे, हे वाचता. ते वाचायलाच हवे. परंतु गाडीतळाला लागून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास एक गाव वसते आणि पाडव्याच्या मागेपुढे उठून जाते, त्या गावाची बातमी आपल्या अंकात क्वचितच येते. या गावाला ग्रामपंचायत नाही, वेशीवर पाटी नाही. घरे बांबूची, वाढ्याची आणि वरून ताडपत्री टाकलेली. बैल दारात, चूल उघड्यावर आणि पोरे कोपीच्या सावलीला. आपला ऊस ज्यांच्या हातून गव्हाणीपर्यंत पोहोचतो, त्या ऊसतोड कामगारांचे हे गाव. या खेपेस आम्ही त्याची खबरबात आणि हंगामात येणाऱ्या सणांची आठवण एकत्र देत आहोत. दोन्हींचा संबंध काय, ते पुढे येईलच.

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे कारखाने वाढले, तशी तोडणीला माणसे लागू लागली. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड, पाथर्डी या भागांतून येणाऱ्या टोळ्यांची संख्या वाढतच गेली. आज हार्वेस्टर यंत्रे आली आहेत, तरी लहान तुकडे, ओढ्याकाठची राने आणि ओल धरलेली जमीन येथे कोयत्याला पर्याय नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, दहा-वीस कोयत्यांची एक टोळी, टोळीवर मुकादम आणि सर्वांच्या डोक्यावर उचल, अशी ही व्यवस्था आहे. आपण सर्वजण ती जाणता.

आमची चूक

प्रथम आमच्याच खात्याची चूक सांगतो. १४ जानेवारी २०१८, रविवार. संक्रांतीचा दिवस. आम्ही शेतकी खात्याने नेहमीप्रमाणे तोडचिठ्ठ्या काढल्या होत्या. आमच्या घरी मात्र सण होता, म्हणून निम्मा स्टाफ दुपारनंतर येणार होता. टँकरवाल्याने सुट्टी घेतली, ती आम्ही मंजूर केली. तळावर पाणी कोण नेणार, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

सकाळी नऊपर्यंत टँकर आला नाही. बायका घागरी घेऊन कालव्यावर गेल्या. मागोमाग पोरे गेली. सात-आठ वर्षांची एक मुलगी कळशी बुडवताना शेवाळावरून घसरली आणि पाण्यात गेली. पलीकडे बैलांना पाणी दाखवायला आलेल्या दोघा गडीमाणसांनी उड्या घेतल्या, म्हणून पोर हाती लागली. आम्ही पोहोचलो तेव्हा तिची आई तिला पदराखाली धरून बसली होती. आम्हाला पाहून ती एवढेच म्हणाली, "साहेब, सण आमाला बी हाय की. निदान पानी येनार न्हाई, एवढं तरी सांगायचं हुतं."

त्या दिवशी आणखीही एक गोष्ट घडली. निम्म्या टोळ्या फडात गेल्याच नाहीत. आदल्या दिवशी तोडलेला ऊस तीन ठिकाणी मोळ्या बांधून तसाच पडून राहिला. तिन्ही सभासदांनी आमच्या कार्यालयात येऊन आम्हाला फैलावर घेतले. त्यांचे म्हणणे रास्त होते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गळला पाहिजे, हे आम्हीच शिवारफेरीत सांगत असतो. ऊस पडून राहिला की तो सुकतो, काट्यावर वजन घटते, आतील साखर मोडू लागते आणि उताराही उतरतो. वजनाचे नुकसान सभासदाचे, उताऱ्याचे नुकसान साऱ्यांचे.

म्हणजे पाहा, सण तोच. पण कोणी कोणाला आधी सांगितले नाही, म्हणून तळावर एका पोरीचा जीव जायची वेळ आली आणि फडात ऊस वाळला.

तळावरचा फळा

त्यानंतर आम्ही एक साधी गोष्ट केली. शाळेतून जुना फळा आणून तळाच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीजवळ उभा केला. त्यावर रोज संध्याकाळी तीन गोष्टी लिहायच्या: उद्या टँकर किती वाजता, उद्या काट्याची व तोडणीची वेळ काय आणि पुढचा सण कोणता व त्या दिवशी काय चालू, काय बंद.

पहिले चार दिवस फळ्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. वाचणारेच थोडे. मग चौथीतल्या एका पोराने तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बायका पाणी भरता भरता ऐकू लागल्या. पुढे पुढे लोकच बातम्या आणू लागले. अमक्या टोळीत मुलगी झाली, बाळ-बाळंतीण खुशाल. तमक्याचा बैल चुकला आहे, शिंगाला लाल रंग, दिसल्यास कळवावे. पाथर्डीकडची एक म्हातारी वारली, तिच्या माणसांना गावी जायला गाडी हवी. अशा बातम्या येऊ लागल्या, तेव्हा हे खरोखरीचे गाव आहे, हे आमच्याही लक्षात आले.

या फळ्याची किंमत २०२० साली कळली. त्या वर्षी २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. एरवी पट्टा पडला की घराकडे जाणारी माणसे तळावर अडकली. १७ एप्रिलला शासनाने गावी परतण्यास परवानगी दिली, तोपर्यंतचे दिवस फार अवघड गेले. रोज नवी अफवा. कोणी म्हणे रात्रीच निघा, कोणी म्हणे वाटेत धरतात. आम्ही रोज फळ्यावर खरे तेवढेच लिहीत होतो: किराणा कधी येणार, डॉक्टर कधी तपासणार, परवानगीचे काय झाले. आमच्या तळावरून त्या काळात एकही टोळी रात्री-अपरात्री चालत निघाली नाही, याचे श्रेय आम्ही त्या फळ्यालाच देतो.

हंगामातील सण आणि सूचना

आता सणांची आठवण. सभासदांनीही ही यादी जपून ठेवावी, म्हणजे आपल्या उसाच्या तोडीचा अंदाज बांधता येईल.

दिवाळी : हंगाम लवकर लागला तर दिवाळी तळावरच होते. कोपी म्हणजे वाळलेले वाढे. कोप्यांजवळ फटाके उडवू नयेत, पणती कोपीच्या आत ठेवू नये.

चंपाषष्ठी आणि वेळ अमावास्या : दोन्ही मार्गशीर्षात येतात. खंडोबाचे भक्त असलेल्या टोळ्या चंपाषष्ठीला तळी भरतात. लातूर, धाराशिवकडील माणसे वेळ अमावास्येला रानात पांडवांची पूजा करतात. त्या दिवशी ठरावीक टोळ्याच थांबतात. मुकादमांनी चार दिवस आधी गट कार्यालयात नावे द्यावीत.

६ डिसेंबर : महापरिनिर्वाण दिन. अभिवादनासाठी जाणाऱ्यांनीही असेच आधी कळवावे.

भोगी व संक्रांत : संक्रांत बहुधा १४ जानेवारीला, एखाद्या वर्षी १५ ला. भोगीला संध्याकाळी टँकरची एक खेप जादा होईल. संक्रांतीला टँकर बंद राहणार नाही, ही आमची जबाबदारी. पोरांना कालव्यावर एकटे पाठवू नये.

रमजान : चंद्रावर असल्याने दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या हंगामातच येतो. रोजा धरणाऱ्या तोडणी कामगारांना व वाहनचालकांना सायंकाळी काट्यावर ताटकळत ठेवू नये, अशी सूचना आम्ही आमच्या माणसांना दिली आहे.

होळी व धुळवड : तांड्यावरच्या बंजारा टोळ्यांचा हा सर्वांत मोठा सण, त्यांची गाणी आणि नाच ऐकण्या-पाहण्यासारखा. होळी कोप्यांपासून लांब, वारा पाहून, मोकळ्या जागी पेटवावी. शेजारी पाण्याची पिंपे भरून ठेवावीत. सभासदांनाही सांगणे की, तळाजवळच्या रानात पाचट पेटवू नका. खरे तर कोठेच पेटवू नका. पाचट सरीत राहिले तर खोडव्याला ओल आणि खत दोन्ही मिळते. पेटले आणि वारा फिरला, तर एखाद्याचा वर्षाचा संसार जातो.

गुढीपाडवा : पट्टा पडण्याचे दिवस. हिशेब पूर्ण होऊन चिठ्ठी हाती आल्याशिवाय कोणी गाडी भरू नये. परतीच्या वाटेवर गाडीला मागून रिफ्लेक्टर असलाच पाहिजे.

सणाच्या पुढे-मागे रेशन दुकान बंद असते, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या गावचे रेशनकार्ड येथेही चालते. दुकानातील यंत्रावर अंगठा उमटला की धान्य मिळते, त्यासाठी गावी माणूस पाठवण्याचे कारण नाही. गरोदर बायांनी व लहान लेकरांच्या आयांनी येथील अंगणवाडीत नाव घालावे, लसीचे कार्ड सोबत आणावे. शाळेच्या पोरांनी गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक आणले असेल, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत लगेच बसता येते. नसेल, तरी शाळेने नाही म्हणता कामा नये. अडचण आल्यास आमच्याकडे यावे.

खाड्याचा प्रश्न

आता अवघड गोष्ट. तोडणीला न गेलेल्या दिवसाला आपल्याकडे खाडा म्हणतात. खाडा पडला की मुकादम त्याचे पैसे उचलीत धरतो. आपल्याला संक्रांत म्हणजे तिळगूळ, त्यांना संक्रांत म्हणजे खाडा. एका आक्काने आम्हाला सांगितले, "गावाकडं सुगडं पुजल्याबिगर आमी पान्याला तोंड लावत न्हाई. हितं फडातच कोयता बाजूला ठिवून वाण दिलं, अन् पुन्ना मोळ्या बांदल्या."

आम्ही मुकादमांशी बोललो. एक जुना मुकादम म्हणाला, "साहेब, सुट्टी तुमी देनार, अन् माजी उचल कोन फेडनार? मी बी कर्जच काडून आनलंय." त्याचेही खोटे नव्हते.

यातून एक वाट निघाली. कारखान्याला हंगामात अधूनमधून गाळप थांबवून साफसफाई करावीच लागते. रस आटवणाऱ्या भांड्यांच्या नळ्यांत खर धरते, ती काढावी लागते. हे दिवस शक्यतो संक्रांत आणि धुळवडीला जोडून घ्यावेत, अशी विनंती आम्ही केली आणि उत्पादन विभागाने ती मानली. त्या दिवशी गाळपच नसेल, तर तोड नाही आणि तोड नाही तर खाडा कसला? दोन दिवस आधीपासून चिठ्ठ्या कमी काढायच्या, यार्डातील गाड्या रिकाम्या करायच्या, फडात तोडलेली मोळी शिल्लक ठेवायची नाही. असे केल्यापासून संक्रांतीला ऊस वाळल्याची एकही तक्रार आमच्याकडे आलेली नाही.

तरीही काही टोळ्यांत या दोन दिवसांचा खाडा लावला जातो, असे पट्टा पडल्यावर हिशेबात दिसते. उचलीचा व्यवहार मुकादम आणि कामगार यांच्यातला, तिथे आमचा हुकूम चालत नाही. परंतु करार करतानाच हे दोन दिवस खाड्यातून वगळल्याचे कलम घालता येईल. येत्या वार्षिक सभेत आम्ही ही गोष्ट मांडणार आहोत. सभासदांनी तिला पाठिंबा द्यावा, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

सभासदांना विनंती

शेवटी दोन साधी मागणी. एक, सणाच्या दिवशी "माझा एवढा तुकडा तोडून द्या" म्हणून टोळीला गळ घालू नये, वरून पैशाचे आमिष दाखवू नये. तो ऊस त्या दिवशी गव्हाणीत जाणार नाही, नुकसान आपलेच. दोन, ज्यांच्या रानात टोळी चालू असेल त्यांनी भोगीच्या दिवशी आपल्या सभासद साखरेतली किलोभर साखर टोळीला द्यावी. ज्या हातांनी ऊस तोडला, त्या हातांवर तिळगुळासाठी दुकानातून साखर विकत आणायची वेळ येऊ नये.

कालव्यात पडलेली ती मुलगी आता मोठी झाली आहे. मागील हंगामात ती आईबापांबरोबर आली नाही. गावी वसतिगृहात राहून शिकते आहे. तिचा धाकटा भाऊ मात्र तळावर होता. संध्याकाळी फळा तोच वाचून दाखवत होता, थोडा अडखळत, पण मोठ्याने.



ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग