गोधडीचे कापड कसे पारखावे?

केळीचा घड घेताना आपण तो उचलून बघतो. मासळी घेताना कल्ले उघडून बघतो. मग कापड घेताना नुसता रंग बघून पैसे का द्यावे? दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

गोधडी शिवणे हे पुष्कळ दिवसांचे काम. जुनी लुगडी, जुनी धोतरे आत घालायची. वर आणि खाली नवे कापड लावायचे. मग हाताने धावदोरा घालायचा. एका गोधडीत हजारो टाके पडतात. वरचे कापड एका पावसाळ्यात विरले, तर सारे टाके फुकट गेले. कापडात चार पैसे वाचले, पण मेहनत बुडाली. बचत गटातल्या बाया गोधड्या विकतात. गोधडीचा रंग गेला, तर त्यांचे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

गोधडीला सुती कापड उत्तम. आपली वसई समुद्रकाठची. इथली हवा दमट. सुती कापड घाम पिते. पॉलिएस्टर पीत नाही. शिवाय पॉलिएस्टर पेटले, तर वितळून अंगाला चिकटते. लहान मुलाच्या दुपट्याला ते वापरू नये.

दुकानात काय बघावे?

पहिली गोष्ट, कापड उजेडाकडे धरा. धागे सारखे व जवळ जवळ दिसले पाहिजेत. कुठे दाट, कुठे विरळ असे कापड टिकत नाही. पण फार दाट कापडही नको. त्यात सुई जात नाही, बोटे दुखतात.

दुसरी गोष्ट, कापडाचा कोपरा दोन्ही हातांनी जोराने चोळा. पांढरी भुकटी पडली, तर कापडाला खळ जास्त आहे. खळीमुळे पातळ कापड जाड वाटते. एकदा धुतले की त्याचे खरे रूप कळते.

तिसरी गोष्ट, पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासा. रुमालाला रंग लागला, तर ते कापड घेऊ नका. लाल, निळा आणि काळा रंग मुद्दाम तपासा.

चौथी गोष्ट, पन्हा विचारा. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ३६ इंच पन्ह्याचे दोन पाट जोडले, की पावणेसहा फुटांच्या आसपास रुंदी मिळते. गोधडी ७ फूट लांब हवी असेल, तर एका बाजूला १४ फूट कापड लागते. म्हणजे सव्वाचार मीटरहून थोडे अधिक. कापड आटते, म्हणून साडेचार मीटर घ्या. दोन्ही बाजूंना मिळून ९ मीटर. आणि ध्यानात ठेवा, वार आणि मीटर एक नव्हे. वार ३६ इंचांचा असतो. मीटर ३९ इंचांहून थोडा मोठा. भाव कशाचा सांगितला, ते आधी विचारा.

घरी कशी परीक्षा करावी?

आधी थोडेच कापड आणा. त्याचा एक धागा काढा. धागा चिमट्यात धरा. खाली ताटलीत पाणी ठेवा. मग धागा पेटवा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख पडली, तर बहुधा सूत आहे. धागा आक्रसला आणि कडक गोळी झाली, तर पॉलिएस्टर आहे. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

रेयॉनचा धागाही कागदासारखाच जळतो. मग तो ओळखावा कसा? धागा ओला करून ओढा. रेयॉन ओला झाला की कमजोर होतो, पटकन तुटतो. सुती धागा ओला झाला तरी बळकट राहतो.

आता कापडावर पेन्सिलीने १० इंचांचा चौकोन आखा. कापड धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. साडेनऊ इंच भरले, तर कापड शंभरात पाच आटले. मांजरपाट कोरा असतो, तो आटतोच. म्हणून कोणतेही नवे कापड आधी धुवावे, मग बेतावे. नाही तर पहिल्या धुण्यात गोधडी आक्रसते.

मोबाइलवर घेताना

मोबाइलवर कापड चोळता येत नाही. तिथे अक्षरे वाचावी लागतात. वाचायला शिकल्याचा हा मोठा उपयोग. ‘१०० टक्के कॉटन’ म्हणजे शुद्ध सूत. ‘कॉटन ब्लेंड’ म्हणजे भेसळीचे सूत. ‘कॉटन फील’ म्हणजे हाताला सुतासारखे लागणारे, पण ते सूत असेलच असे नाही. ‘जीएसएम’ म्हणजे एक मीटर लांब व एक मीटर रुंद कापडाचे ग्रॅममधले वजन. गोधडीला १२० ते १५० जीएसएमचे कापड चांगले. पन्हा किती, माल परत घेण्याची मुदत किती, हेही वाचा. चित्रातला रंग आणि खरा रंग यांत फरक पडतो. म्हणून आधी एकच मीटर मागवा.

बिल जपून ठेवा. ग्राहकांसाठी २०१९ चा कायदा आहे. २०२० च्या नियमांप्रमाणे, मोबाइलवरून घेतलेला माल सांगितल्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याला तो परत घ्यावा लागतो. ऐकले नाही, तर १९१५ या नंबरवर फोन करा. मराठीतूनही बोलता येते.

पुढच्या वेळी बाजारात जाल, तेव्हा पिशवीत एक पांढरा रुमाल आणि मोजपट्टी टाका. दुकानदार कुरकुरला तरी लाजू नका. पैसे आपले आहेत, आणि टाकेही आपल्यालाच घालायचे आहेत.