बॉइज स्कूलमध्ये बोर्ड कोण सजवायचं?

अकरावीच्या वर्गात तो पहिल्याच आठवड्यात ओळखू येतो. मॅडम आत आल्या की सगळ्यांच्या आधी ताडकन उभा राहतो आणि सुरात ‘गुड मॉर्निंग, मिस’ म्हणून मोकळा होतो. बाकीचा वर्ग फिस्सकन हसतो. मुलांशी त्याची पाच मिनिटांत दोस्ती होते, पण शेजारच्या बेंचवरच्या मुलीकडे पेन मागायची वेळ आली तर आधी तीन मुलांकडे मागून बघणार. तुम्ही बांदोडकर, जोशी-बेडेकर, बिर्ला किंवा पेंढरकरला असाल, तर असा एखादा तुमच्या बॅचला असेलच. किंवा तो तुम्हीच असाल.

हा बॉइज स्कूलवाला. त्यातही फादरांच्या शाळेतला. आपल्याकडे असे बरेच जण येतात त्याचं एक साधं कारण आहे. भायखळा, परळ, माटुंग्याची घरं लहान पडली म्हणून कुटुंबं ठाणे-डोंबिवलीला आली, पण पोराची शाळा काही बदलली नाही. बॅग पुढे घेऊन, डबा सांभाळत, रोज लोकल. तशी ही वाट जुनीच. रेल्वे ठाण्यात आली १८५३ साली, कल्याणला १८५४ मध्ये. माझगावचं सेंट मेरीज सुरू झालं १८६४ला आणि धोबीतलावचं सेंट झेवियर्स हायस्कूल १८६९ला. म्हणजे शाळांच्या आधी गाडी आली होती.

मुलांची शाळा वेगळी का? त्यामागे मोठं तत्त्वज्ञान शोधायला जाऊ नका. शाळा चालवणारे संघच वेगवेगळे होते. मुलं फादरांकडे, मुली सिस्टरांकडे. झेवियर्स आणि सेंट मेरीज जेझुइटांनी काढल्या, माटुंग्याचं डॉन बॉस्को सालेशियन फादरांचं. दोघांची तऱ्हा निरनिराळी. जेझुइटांनी शिकवायचं कसं याचा नियमग्रंथ १५९९ मध्येच पक्का केला होता, त्यामुळे अभ्यास, वक्तृत्व, शिस्त यांचा कारखाना. सालेशियनांचे मूळपुरुष जॉन बॉस्को (१८१५–१८८८) इटलीतल्या तुरीन शहरात कामधंद्यासाठी आलेली, रस्त्यावर वाढणारी पोरं गोळा करायचे. मूल चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा ते चुकूच नये म्हणून त्याच्यात मिसळून राहा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बॉस्कोवाला तुम्हाला मधल्या सुट्टीत मैदानात उतरणाऱ्या फादरांच्या गोष्टी सांगेल, आणि झेवियर्सवाला इलोक्यूशनच्या.

रोजचा दिवस मात्र सगळीकडे साधारण सारखा. असेंब्ली, प्रार्थना, मग ‘कॅलेंडर’. हे भिंतीवरचं नव्हे, तर खिशात मावणारं छोटं पुस्तक, ज्यात उशिरा आल्याचा आणि गृहपाठ न केल्याचा शेरा पडतो आणि घरून सही आणावी लागते. हाउसचे पॉइंट्स, युनिट टेस्ट, व्याकरणाला रेन अँड मार्टिन. आठवड्यातून एखाद्या तासाला वर्गाचे दोन भाग व्हायचे. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला, आणि बाकीचे ‘मॉरल सायन्स’ला. घरच्यांना भीती वाटायची की पोराला चर्चला नेतील. तसं करता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या किंवा पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असं राज्यघटनेच्या २८व्या कलमात लिहिलंय. मॉरल सायन्सच्या तासाला खरं तर बहुतेक जण गणिताचा गृहपाठ उरकायचे, ते सोडा.

मराठीची रड वेगळीच. घरी कोकणी वळणाचं झकास मराठी बोलणारा मुलगा दहावीला मराठीच्या पेपराला घाबरतो आणि ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये तोच विषय गळाला की सुटकेचा नि:श्वास टाकतो. गंमत अशी की फादर स्टीफन्स हे जेझुइटच. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, तेही मराठीत. त्यांच्या वारसांच्या शाळेत पोरं ‘आजीला’ लिहावं की ‘आज्जीला’ यावर अडतात.

आणि मैदान. रवी शास्त्री डॉन बॉस्कोचा. १९७६ला जाइल्स शील्डच्या अंतिम सामन्यात बॉस्को हरलं ते सेंट मेरीजकडून, म्हणजे दोन्ही शाळा फादरांच्याच. पुढच्याच वर्षी शास्त्री कॅप्टन असताना त्यांनी शील्ड पहिल्यांदा जिंकली. गावसकर झेवियर्सचे. पण झेवियर्सचं नाव शालेय क्रिकेटमध्ये कायमचं कोरलं गेलं ते हरलेल्या बाजूने. फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सचिन आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा आझाद मैदानावर बॉलमागे धावणारी पोरं झेवियर्सची होती. त्यात पुढे कसोटी खेळलेला साईराज बहुतुलेही होता. शाळेचा अभिमान जपायला हा किस्सा अजिबात उपयोगाचा नाही, तरी झेवियर्सवाले तो आवडीने सांगतात.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येऊ. बॉइज स्कूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दंगा, शिव्या, फुटबॉल आणि घामट वर्ग येतो. तो असतोच. पण त्याच वर्गात अॅन्युअल डेच्या नाटकात आई कोण व्हायचं? मुलगाच. साडी नेसून, टाचणी टोचून घेऊन. कॉयरमध्ये वरच्या पट्टीत कोण गायचं? आवाज न फुटलेले पाचवी-सहावीचे मुलगेच. डिस्प्ले बोर्डावर क्रेप पेपरच्या झालरी कोण लावायचं, अक्षरं कोण कापायचं, टीचर्स डेला फुलं कोण आणायचं, वर्गात एखादा रडला तर त्याच्या शेजारी कोण बसायचं? सगळं मुलगेच. दुसरं होतं कोण! ‘हे मुलींचं काम’ असं म्हणायची सोयच नव्हती.

तिकडे सिस्टरांच्या शाळेत याचं उलटं चित्र. बेंच उचलून हॉलमध्ये न्यायचे, माइकची वायर जोडायची, मार्चपास्टला पुढे राहून आरोळी द्यायची, सायन्स एक्झिबिशनचं मॉडेल उभं करायचं. सगळं मुली.

मग हे दोघे अकरावीला एका वर्गात येतात आणि काय होतं ते तुम्ही रोज बघता. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला जोड्या पडतात. ‘तुझं अक्षर छान आहे, जर्नल तू लिही, ब्यूरेट मी बघतो.’ फेस्टिव्हल आला की डेकोरेशन आणि रांगोळीच्या यादीत मुलींची नावं, साउंड आणि लॉजिस्टिक्सच्या यादीत मुलांची. कुणी सांगितलेलं नसतं. सहा महिन्यांपूर्वी नीटनेटकी मार्जिन आखून, अक्षरासाठी बक्षीस घेऊन आलेला मुलगा अचानक म्हणतो, ‘मला नाही जमत लिहायला.’ आणि शाळेत स्टेजची वायर जोडणारी मुलगी म्हणते, ‘अरे, कुणीतरी मुलगा बोलवा ना.’ मला हे फार खटकतं. बॉइज स्कूलच्या मुलांना मुलींशी बोलता येत नाही, ही अडचण दोन-तीन महिन्यांत सुटते. जे येत होतं ते सोडून देण्याकडे मात्र कुणाचं लक्षच जात नाही.

तो गप्प बसतो म्हणजे त्याला अॅटिट्यूड आहे, असं लगेच ठरवू नका. बहुतेक वेळा त्याला नुसती सवय नसते. पण ‘बॉइज स्कूलचा आहे, चालायचंच’ म्हणून मुलींवरच्या कमेंट्स माफ करायचीही गरज नाही. दहा वर्षं मुलगी वर्गात नव्हती, घरात आई-बहीण होतीच ना?

शाळांनाही हे कळत गेलं. १९७३ साली जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे स्पेनमधल्या वालेन्सिया इथे माजी विद्यार्थ्यांपुढे बोलले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असं त्यांनी विचारलं आणि ‘नाही’ असं उत्तरही स्वतःच दिलं. समोरच्या बऱ्याच जणांना ते झोंबलं. इतरांसाठी जगणारे पुरुष घडवायचे, हे त्या भाषणातलं ब्रीद जगभरच्या जेझुइट शाळांच्या भिंतींवर गेलं. पुढे त्यात ‘पुरुष’च्या जोडीला ‘स्त्रिया’ हा शब्द घालावा लागला.

तुमच्या कॉलेजचा फेस्टिव्हल डिसेंबर-जानेवारीत असेल तर कमिटीच्या याद्या आता फिरायला लागतील. डेकोरेशनची यादी हातात आली की वर्गातल्या त्या ‘गुड मॉर्निंग मिस’वाल्याला एकदा विचारा, शाळेत बोर्ड कोण सजवायचं. तो आधी लाजेल. मग मोबाइलमध्ये जुना फोटो शोधेल. त्यात सातवी ‘ब’चा बोर्ड असेल, थर्मोकोलचा गव्हाणीचा देखावा, वर कापसाचा बर्फ, आणि खाली बोटांना फेविकॉल लागलेली चार पोरं. त्याचं नाव यादीत लिहून टाका. आणि साउंडच्या यादीत कॉन्व्हेंटवाल्या एखादीचं.